सासऱ्यांना बिल्ड दाखवायचं होतं

बिल्डकाकांच्या सासऱ्यांना दोन जावई. मोठे जावई दातांचे डॉक्टर. त्यांनी सासऱ्यांच्या तोंडात वरची सबंध रांग नव्यानं बसवून दिली, तेव्हापासून सासरे येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत आणि ‘आमच्या जावयांचं काम आहे’ म्हणून सांगत. एरवी हा माणूस हसण्यातला नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्यांची सगळी नोकरी कोणत्या वस्तीला कधी पाणी सोडायचं हे ठरवण्यात गेली होती, आणि त्या खात्यात हसऱ्या माणसाला कोणी कामावर ठेवत नसावं.

धाकटे जावई म्हणजे आपले बिल्डकाका. वय पंचेचाळिशीच्या आसपास, पण ज्या कचेरीत बाकीचे सगळे तिशीच्या आत असतात तिथे काका व्हायला एवढं वय पुरतं. पहिल्यांदा ही हाक ऐकू आली तेव्हा काकांनी मागे वळून पाहिलं होतं. मागे कोणी नव्हतं. तेव्हापासून त्यांनी ती मुकाट्यानं स्वीकारली.

हे धाकटे जावई नेमकं करतात काय, हे सासऱ्यांना लग्न ठरल्यापासून कळलेलं नव्हतं. त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही.

“तुम्ही प्रोग्राम लिहिता.”

“नाही बाबा. लिहिणारे वेगळे.”

“मग विकता.”

“विकणारे वेगळे.”

“तपासत असाल मग.”

“तपासणारेही वेगळे आहेत.”

“मग तुम्ही?”

“मी मध्ये असतो,” काका म्हणत. यावर सासरे दातांवरून जीभ फिरवत आणि विषय बदलत. बाहेर कोणी विचारलंच, तर ‘कम्प्युटरमध्ये असतात’ असं ते अशा सुरात सांगत, की ऐकणारा पुढे ‘आता बरं आहे ना?’ असं विचारे. हे काकांच्या मनाला फार लागत असे. लोकांच्या सासऱ्यांना जावयाचा पगार कळला की पुरतं. यांना काम कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर काकांनाही ते त्यांना कळायला हवं होतं.

आता ते काम काय, हे आपण तरी समजून घेऊ. कचेरी डॉक्टर लोकांसाठी प्रोग्राम बनवायची. पेशंटची वेळ ठरवणं, मागच्या तपासण्या जपून ठेवणं, असलं. सगळ्या डॉक्टरांनी एकाच प्रकारचा कम्प्युटर घ्यायला काय हरकत होती? पण कोणाकडे एक, कोणाकडे दुसरा, आणि काही चोखंदळ मंडळींकडे भलताच तिसरा. कचेरीतली पोरं-पोरी प्रोग्राम लिहीत एकदाच. तो तिन्ही प्रकारांवर चालेल असा जुळवून, बांधून तयार करावा लागे. या बांधणीला म्हणायचं बिल्ड. त्यासाठी तीन प्रकारची तीन यंत्रं एका काचेच्या खोलीत ठेवली होती, आणि त्यांना सांभाळायला काका. काकांनी त्यांची नावं पाडली होती थोरली, मधली आणि धाकटी.

थोरली अघळपघळ. सगळ्यांशी जमवून घेणारी, पण ऐन कामात ‘मी जरा नवं काही अंगावर घालून येते’ म्हणून स्वतःच बंद होऊन परत चालू होणारी. मधली दिसायला देखणी आणि वागायला मानी. प्रत्येक गोष्टीवर सही, शिक्का, परवानगी मागणार. धाकटी फारशी बोलत नसे. चुकलं की ‘चुकलं’ एवढंच सांगे, काय ते सांगत नसे. भोजनगृहातल्या मोठ्या पडद्यावर तिघींचे तीन दिवे असत. सगळं नीट तर हिरवे. बिनसलं तर लाल, आणि खाली ज्याच्यामुळे बिनसलं त्याचं नाव, शेजारी रडका चेहरा. तो चेहरा काकांनीच हौसेनं काढून घेतला होता.

तर एकदा कचेरीत नोटीस लागली की कुटुंबमेळावा होणार, घरच्यांना घेऊन या. काकांनी घरी येऊन पत्नीला सांगितलं, “बाबांना बोलावतो. आता दाखवतोच त्यांना. बटण दाबायचं, तिन्ही दिवे हिरवे, संपलं.”

“किती वेळ लागतो तुझ्या त्या दिव्यांना?”

काकांनी सांगितलं. मध्यंतरापर्यंतचा सिनेमा बघून व्हावा एवढा लागे.

“बाबा बसणार नाहीत. आपल्या लग्नातसुद्धा ते मधेच उठून हॉलची पाण्याची टाकी बघून आले होते.”

हे खरं होतं. टाकीला झाकण नव्हतं, हेही त्यांनी तेव्हा व्याह्यांना ऐकवलं होतं.

तेव्हा बिल्ड लवकर उरकायला हवं. काकांनी बिल्डची जन्मकुंडली, म्हणजे कोणी कोणत्या क्रमानं काय करायचं हे सांगणाऱ्या सूचना, उघडून बघितल्या. मधलीच्या कामाच्या अगदी तोंडाशी एक सूचना होती. ‘इथे थांबणे. कारण विचारू नये. काढू नये.’ आणि खाली चांगलं ऐसपैस थांबण्याचा हुकूम. मधली थांबे म्हणून धाकटी थांबे, आणि दोघी थांबत म्हणून सबंध कचेरी थांबे. ती सूचना कोणाची, कधीची, काही पत्ता नव्हता. असल्या ओळींना जाणती माणसं हात लावत नाहीत. काकांनीही इतकी वर्षं लावला नव्हता. पण सासऱ्यांपुढे बरं दिसावं म्हणून माणूस काय करून बसेल सांगता येत नाही. काकांनी ओळ काढून टाकली आणि बटण दाबलं.

एक चहा पिऊन होतो न होतो तोच तिन्ही दिवे हिरवे.

इथे थांबायला हवं होतं. पण काकांनी सगळ्या कचेरीला निरोप धाडला, ‘बिल्ड आता वेगवान’. त्यात ‘माझा वाटा अगदी थोडा’ असंही लिहिलं, म्हणजे वाटा कोणाचा हे कोणाच्या नजरेतून सुटू नये. मोठ्या साहेबांचं लगेच उत्तर आलं, की वा, फारच छान; मेळाव्याच्या दिवशी मी स्वतः बटण दाबीन, नवं बिल्ड घरच्यांसमोर तयार होईल, आणि मग प्रत्येक विभागानं त्याच बिल्डवर आपापलं काम दाखवावं. काकांना सासऱ्यांसाठी एक खुर्ची आणि थोडा निवांतपणा हवा होता. साहेबांनी त्यांना व्यासपीठावर चढवलं.

दुसऱ्या दिवशी मधली लाल झाली. ‘कोणामुळे: बिल्डकाका.’ रडका चेहरा.

कारण उघड होतं, पण ते उघड व्हायला काकांना सबंध सकाळ लागली. थोरली आधी सगळ्यांना लागणारे सुटे भाग तयार करून एका सामायिक कपाटात ठेवी, कम्प्युटरमधल्या कपाटात, खऱ्या नव्हे, आणि बाकी दोघी तिथून उचलत. थांबण्याची ओळ गेल्यावर मधली थोरलीचं आटपायच्या आत कपाटापाशी हजर होऊ लागली. थोरली चटपटीत असली तर निभावून जाई. रेंगाळली तर मधलीच्या हाती अर्धेच भाग येत, आणि मग ती तिथेच बसकण मारी. म्हणजे काका एकटे समोर उभे असले की हिरवं, आणि कोणाला दाखवायला बोलावलं की लाल. दुपारी एक नवी मुलगी टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “होतं असं, काका.” हे वाक्य काका आजवर दुसऱ्यांना म्हणत आले होते. ते ऐकणाऱ्याला इतकं झोंबतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

“मग ती ओळ परत घाल ना,” पत्नी म्हणाली.

“तसं नाही करता येत.”

“का?”

“मी जाहीर केलंय.”

पत्नीनं पुढे काही विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की काही प्रश्न आपोआप गळतात. मात्र बातमी जिन्यानं वर गेली. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी मधलीला समजुतीनं घ्यावं असं सुचवलं. मानी विद्यार्थिनींचं असंच असतं, ओरडलं की आवाज बसतो. समोरच्या विमा एजंटनं यंत्रांचा विमा आहे का, आणि काकांचा स्वतःचा पुरेसा आहे का, याची आस्थेनं चौकशी केली. दातवाल्या साडूंचाही फोन आला. ते म्हणाले, “मुळात दुखणं असेल तर वरवर भरण्यात अर्थ नसतो. उपटून टाका.” काकांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

तरी त्यांनी ठरवलं की आता मुळातूनच दुरुस्त करायचं. कपाटात माल पुरता आला आहे का, हे मधलीनं स्वतः बघावं आणि मगच हात घालावा. यासाठी मधलीवर एक नवं अवजार चढवावं लागणार होतं. ते अवजार तिच्या जुन्या व्यवस्थेवर चढेना, म्हणून सगळी व्यवस्थाच नवी केली. नव्या व्यवस्थेतली मधली कचेरीची सही ओळखेना. आपण कोण, हे कचेरीनं पुन्हा सिद्ध करावं, असा तिचा आग्रह. ती सही नवी करून आणली तेव्हा कुठे मधली वळणावर आली. तोवर थोरलीचं घोडं अडलं. तिच्यावर व्हायरस हुडकणारा एक पहारेकरी प्रोग्राम बसवलेला होता. तो कपाटात जाणारा प्रत्येक भाग हातात धरून उलटसुलट बघत बसे, आणि मधली आता शहाणी झालेली असल्यामुळे तो सोडेपर्यंत ताटकळत राही. बिल्ड पहिल्यापेक्षाही हळू चालू लागलं.

पहाऱ्यात सवलत द्यायचा अधिकार सुरक्षा विभागाचा. सुरक्षा विभाग म्हणजे एक बाई. त्या काकांपासून हाकेच्या अंतरावर बसत, दोघांमध्ये एक काच होती, आणि काचेतून दोघं रोज एकमेकांचा डबा बघत. पण कामाचं बोलणं फक्त तिकिटानं. तिकीट म्हणजे कम्प्युटरवर टाकायचा अर्ज. काकांनी तिकीट टाकलं. बाईंनी काचेपलीकडून ते वाचलं, काकांनी त्यांना वाचताना पाहिलं, आणि उत्तर आलं, ‘यंत्राच्या मालकाची संमती जोडावी.’

थोरलीच्या मालकीच्या रकान्यात काकांच्या आधीच्या बिल्डवाल्याचं नाव निघालं. तो कधीच नोकरी सोडून गेला होता. मालकी बदलायची तर मालकाची संमती हवी. संमतीची विनंती त्याच्या कचेरीतल्या पत्त्यावर आपोआप गेली. तो पत्ता बंद होता, उत्तर आलं नाही, आणि उत्तर नाही म्हणून तिकीट आपोआप मिटलं. शेरा पडला, ‘समस्या सुटली असे समजून बंद.’ काकांनी कपाळाला हात लावला. काचेपलीकडे बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली, कारण मान हलवायला तिकीट लागत नसे.

काकांनी माजी बिल्डवाल्याचा घरचा नंबर मिळवला. तो आता पोहायला शिकवत असे. पाठीमागे पाण्याचा आणि मुलांच्या ओरड्याचा आवाज येत होता.

“ती थांबण्याची ओळ तुम्ही घातली होती का?”

“मी नाही बुवा. माझ्या आधीच्यानं घातली असेल. तुम्ही काढली की काय?”

“काढली.”

त्यानं शिट्टी फुंकून मुलांना पाण्याबाहेर काढलं. मग तो हळहळून म्हणाला, “मी तुमच्या जागी असतो तर पोहायला शिकलो असतो.”

संमती द्यायला तो एका पायावर तयार होता. पण ती त्यानं त्याच्या जुन्या खात्यातूनच द्यायला हवी, आणि खातं उघडायचं तर तो कर्मचारी हवा. मनुष्यबळ विभागानं बैठकीमागून बैठक घेऊन यावर तोड काढली. त्याला एका दिवसापुरतं सल्लागार म्हणून नेमलं. तो ओल्या केसांनी आला, ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतला, आग लागल्यास काय करावे हे व्याख्यान नियमानुसार पुरं ऐकलं, आणि संध्याकाळच्या सुमाराला ‘संमती आहे’ यावर एकदा बोट ठेवलं. नियमानुसारच मग त्याला निरोप देण्यात आला. पुष्पगुच्छ दिला. मोठ्या साहेबांनी त्याची उणीव भासेल असं सांगितलं. आधीच्या निरोपाच्या वेळीही ते हेच बोलले होते, फक्त या वेळी त्यांचा आवाज जास्त जड झाला.

पण काम झालं. पहारा सैल झाला, थोरली भराभर भाग ठेवू लागली, मधली बघूनच उचलू लागली, धाकटी नेहमीसारखी गप्प राहिली. दिवे हिरवे होऊ लागले आणि हिरवेच राहू लागले. काकांनी पुनःपुन्हा करून पाहिलं, कोणी बघत असताना, नसताना, साहेबांना बाजूला उभं करून. मग त्यांनी सासऱ्यांना फोन केला. “बाबा, नक्की या. उठावं लागणार नाही, एवढ्यात होतं.” सासरे म्हणाले, “येतो. दातवाले जावईही येताहेत आम्हाला सोडायला.” काकांना हे ऐकून आनंद झाला, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी बिल्ड आणखी एकदा करून पाहिलं.

मेळाव्याच्या दिवशी भोजनगृहात फुगे, खुर्च्या, मुलं, आज्या, आणि मोठ्या पडद्यावर तीन दिवे. सासरे एकटेच वर आले. सासूबाईंची चप्पल तुटली होती, ती सांधून घ्यायला दातवाल्या जावयांना घेऊन त्या खाली थांबल्या होत्या. काकांनी सासऱ्यांना पुढच्या रांगेत बसवलं. साहेबांनी काकांचं नाव घेऊन चार शब्द सांगितले, सासऱ्यांनी ते कान देऊन ऐकले, आणि साहेबांनी बटण दाबलं.

तिन्ही दिवे लाल. ‘कोणामुळे: बिल्डकाका.’

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते काचेच्या खोलीकडे धावले. तिघींचीही तक्रार एकच होती. सामायिक कपाट उघडत नाही. आज कचेरीत बाहेरची माणसं येणार म्हणून सुरक्षा विभागानं ते सकाळीच कुलूपबंद केलं होतं.

ते परत आले तेव्हा भोजनगृहाचा नूर पालटला होता. नवं बिल्ड नाही म्हणून तपासणाऱ्यांना काही दाखवता येईना. विकणारे आपल्या बायकामुलांपुढे नुसतेच उभे. चित्रं काढणाऱ्यांचे पडदे कोरे. लिहिणारी पोरं-पोरी काकांभोवती गोळा झाली. “काका, काय झालं?” “काका, कधी होईल?” “काका, आई बसमधून इतक्या लांबून आलीय.” मोठे साहेबही गर्दीतून वाट काढत आले आणि अगदी हळू म्हणाले, “काका, काही करता येईल?” साहेबांनी त्यांना काका म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. सासरे हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. उठले नव्हते.

सुरक्षाबाई आपल्या आईला घेऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. काकांनी जवळ जाऊन कपाट उघडण्याची विनंती केली.

“तिकीट टाका ना,” बाई कसनुशा होत म्हणाल्या. “तोंडी नाही मला करता येत.”

“तो माणूस इथे तुझ्यासमोर उभा आहे,” त्यांची आई म्हणाली, “आणि तू त्याला अर्ज करायला सांगतेस? ऊठ आधी.”

असा नियम सुरक्षा विभागात कुठेच नव्हता, पण बाई उठल्या. कपाट उघडलं. काकांनी पुन्हा बटण दाबलं आणि सासऱ्यांशेजारी येऊन बसले. ते इतके खजील झाले होते की पडद्याकडे बघवेना.

“म्हणजे तुमचं बंद पडलं,” सासरे म्हणाले, “की या लिहिणाऱ्यांचं बंद?”

“हो.”

“विकणाऱ्यांचं, तपासणाऱ्यांचं?”

“त्यांचंही. आज जरा गोंधळ झाला बाबा. एरवी असं होत नाही.”

सासऱ्यांनी सबंध भोजनगृहावरून एकदा नजर फिरवली. “मला सगळी नोकरी एकदाही कोणी विचारलं नाही, तुम्ही काय करता म्हणून,” ते म्हणाले. “नळ कोरडा पडला की मात्र आमदारसुद्धा दाराशी. अहो, हे आधी सांगायचं नाही का? मी समजत होतो तुम्ही नुसते मध्ये असता.” आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर थाप मारली. एवढ्या वर्षांत पहिली. काकांनी आपली खुर्ची सासऱ्यांच्या आणखी जवळ ओढली.

तेवढ्यात पडद्यावर थोरली हिरवी झाली, मग मधली, मग गुपचूप धाकटी. टाळ्या वाजल्या, फार नाहीत. काकांभोवतीची गर्दी बघता बघता पांगली. जो तो आपापल्या माणसांना आपापलं काम दाखवायला निघून गेला. साहेब कोणाच्या तरी बाळाला कडेवर घेऊन फोटो काढू लागले. काकांकडे आता कोणीही बघत नव्हतं.

“संपलं?” सासऱ्यांनी विचारलं.

“संपलं बाबा. असंच चालतं हे.”

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट निराशा दिसली. ते उठून दारापर्यंत गेले, जिन्यात डोकावले, आणि लगबगीनं परत आले.

“तुमची सासू येतेय वर,” ते काकांच्या कानाशी लागून म्हणाले. “साडूही आहेत बरोबर. जावईबापू, जरा पुन्हा बंद करा की.”

काकांनी हिरव्या दिव्यांकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. मग ते उठले, काचेच्या खोलीत गेले, आणि लिहिणाऱ्यांनी तोवर धाडलेलं नवं काम हातात घेऊन भराभर चाललेल्या थोरलीला त्यांनी स्वतःच्या हातानं मधेच थांबवलं.